बिल्डरची एक्स्ट्रा वर्कची यादी: कोकणात घर घेताना कशावर टिक करायची

गेल्या आठवड्यात माझ्या मामेभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन पानांचा फोटो पाठवला. तो असतो डोंबिवलीला, रत्नागिरीत टू बीएचके बुक केलाय, स्लॅब होऊन भिंती उभ्या राहिल्यात आणि बिल्डरच्या ऑफिसातून "एक्स्ट्रा वर्क"ची यादी आलीय, पंधरा दिवसांत टिक करून द्या म्हणून. मोठ्या टाइल्स, वुडन फ्लोरिंग, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, जादा लाइट पॉइंट, यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) खिडक्या, डिजिटल लॉक, काय काय. सगळ्याची बेरीज चार लाखांच्या वर. खाली एकच ओळ, "ताई, यातलं काय घेऊ?"

फोनवर तासभर बोललो आम्ही. पण हा प्रश्न आमच्याकडे घर घेणाऱ्या प्रत्येकाला पडतो, आणि बहुतेक जण टाइल्स आणि किचन बघून भुलतात (मी पण भुललेले), म्हणून जे त्याला सांगितलं तेच जरा नीट लिहून काढते.

यादीतल्या प्रत्येक ओळीला आधी एक प्रश्न विचारायचा, हे काम नंतर करायचं झालं तर काय फोडावं लागेल? भिंत, फरशी, बाथरूम यातलं काही फोडावं लागणार असेल तर ते आत्ताच घ्या, थोडं महाग वाटलं तरी. काहीच फोडावं लागणार नसेल, नुसतं आणून बसवायचं असेल, तर बिल्डरकडून घ्यायची घाई नको. पंखे, दिवे, चिमणी, पडदे, वॉलपेपर, कुलूप हे सगळं ताबा मिळाल्यावर बाजारात चार दुकानं फिरून घेता येतं. आणि दुसरा प्रश्न खास आपल्या किनाऱ्याचा, ही वस्तू खारं वारं आणि चार महिने पाऊस सोसेल का? पुण्यातल्या सॅम्पल फ्लॅटमध्ये जे झकास दिसतं ते इथे दोन पावसाळ्यांत मातेरं होतं. बिल्डरची यादी मात्र दोन्हीकडे तीच असते.

माझंच सांगते. सहा वर्षांपूर्वी आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा बेडरूमला लॅमिनेट वुडन फ्लोरिंग घेतलं, कारण सॅम्पल फ्लॅटमध्ये फार सुंदर दिसलं होतं. त्या लॅमिनेटच्या आत लाकडाचा दाबलेला भुसा असतो, त्याला दमट हवा लागली की तो फुगतो. पहिला पावसाळा निभावला, दुसऱ्या पावसाळ्यात खिडकीकडच्या पट्ट्यांचे सांधे वर आले, अनवाणी चाललं की पायाला कडा लागायच्या, आणि एक पट्टी उचलून बघितली तर खाली काळी बुरशी. ते सगळं काढून साध्या टाइल्स टाकल्या, म्हणजे दोनदा पैसे गेले. आणि त्याच वेळी, पैसे वाचवायचे म्हणून, दुसऱ्या बेडरूमचा एसीचा पॉइंट आणि इन्व्हर्टरची वेगळी लाइन आम्ही सोडून दिली होती. ती नंतर करून घेतली तेव्हा रंगवलेल्या भिंतीत कटरने झिरी पाडली, घरभर लाल धूळ, भांड्यांत, कपड्यांत, देवघरात. पॅच मारून रंग दिला तरी संध्याकाळी तिरपा उजेड पडला की तो पट्टा अजून दिसतो.

तेव्हा वायरिंगपासून सुरू करू, कारण सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त सोय इथे मिळते. पंख्याच्या पॉइंटचे पाइप स्लॅब भरतानाच आत जातात, त्यामुळे स्लॅब झाल्यावर पंख्याची जागा हलवायची म्हणजे कठीणच. भिंतीतले पाइप मात्र विटांचं काम झाल्यावर आणि प्लास्टरच्या आधी टाकतात, म्हणजे मामेभाऊ आत्ता आहे तोच तो नेमका काळ. या काळात एक पॉइंट वाढवायचा म्हणजे थोडा पाइप, एक बॉक्स, थोडी वायर आणि वायरमनचा अर्धा तास. लगेच वायर टाकायची नसेल तरी नुसता रिकामा पाइप टाकून ठेवा, एसीसाठी, टीव्हीच्या मागे, इंटरनेटसाठी, गच्चीवरून खाली सोलरसाठी (रो-हाऊस असेल तर हे नक्कीच). पाइप आत असला की वायर कधीही ओढता येते.

वायरची जाडी विचारा, लाजू नका. दिवे-पंख्यांना १.५ स्क्वेअर एमएम चालते, सोळा अँपियरच्या पॉवर पॉइंटला २.५, आणि एसी, गीझरला ४ ची वेगळी लाइन थेट डीबीपासून (घरातल्या मुख्य स्विचांच्या बोर्डापासून) असलेली बरी. डीबीमध्ये आरसीसीबी आहे का तेही बघा, तीस मिलिअँपियरचा. करंट जमिनीकडे गळायला लागला की तो क्षणात सप्लाय तोडतो. आपल्याकडे पावसात भिंती ओल धरतात, बाथरूमच्या स्विचला हात लावल्यावर झिणझिण्या येतात अशी घरं मी बघितलीत, त्यामुळे हा खर्च मी चैनीत धरतच नाही. यादीत नसेल तर स्वतःहून मागून घ्या.

इन्व्हर्टरच्या लाइनबद्दल जरा जास्त बोलते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, दापोली-मंडणगडकडे पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. एवढं मोठं वादळ दरवर्षी येत नाही, पण आगोट संपून पाऊस लागला की लाइट जाणं हे काय आपल्याला नवीन नाही. प्रत्येक खोलीतला एक दिवा, एक पंखा, फ्रिजचा पॉइंट आणि राउटर एवढ्याची वेगळी लाइन डीबीतून इन्व्हर्टरच्या जागेपर्यंत काढून ठेवली तर पुढे मशीन आणून नुसतं जोडायचं. बॅटरी-इन्व्हर्टर बिल्डरकडून घेऊ नका, लाइन तेवढी घ्या.

हॉलमध्ये गणपती कुठे बसणार ते आत्ताच ठरवा आणि तिथे जमिनीपासून फूटभर वर दोन आणि वरच्या बाजूला एक पॉइंट घ्या. आमच्याकडे दरवर्षी मखराची लाइट स्वयंपाकघरातून एक्स्टेंशन ओढून लावतात आणि पाच दिवस येणारा-जाणारा त्या वायरीत अडखळतो. दोन-तीन पॉइंटचं काम आहे ते.

आता खिडक्या. कोकणात पैसा खरंच कुठे ओतायचा असेल तर तो इथे, पण सगळ्या खिडक्यांना नाही. बिल्डर म्हणेल पूर्ण घराचं पॅकेज घ्या. तुम्ही आधी होकायंत्र लावून बघा (फोनमध्ये असतं) कुठली भिंत कुठल्या दिशेला आहे. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, झड बसते ती पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडक्यांवर. पूर्वेच्या खिडकीला बिल्डरची नेहमीची खिडकी बहुतेक वेळा पुरते. पश्चिमेची खिडकी मात्र चांगली हवी, कारण जुलैत वाऱ्याबरोबर पाणी आडवं येतं, आणि साध्या सरकत्या खिडकीच्या पट्टीत ते साचतं, पट्टीला बाहेरच्या बाजूने पाणी जायला भोकं नसतील किंवा ती सिमेंटने बुजली असतील तर सरळ आत गादीवर. दारासारखी उघडणारी खिडकी रबरावर घट्ट दाबून बसते त्यामुळे ती सरकत्यापेक्षा कमी गळते, फक्त वाऱ्यात आपटू नये म्हणून तिचा अडसर दणकट हवा.

मटेरियलचं म्हणाल तर यूपीव्हीसी गंजत नाही, हा त्याचा मोठा फायदा, पण त्याच्या पोकळीत आधाराला लोखंडी पट्टी असते, ती गॅल्व्हनाइज्ड आहे का आणि मोठ्या खिडकीत खरंच घातलीय का एवढं विचारून घ्या. अ‍ॅल्युमिनियमही चांगलं, पण कोटिंग नीट हवं, नाहीतर खाऱ्या हवेने त्यावर पांढरी पूड धरते आणि खिडकी खरखर करत सरकते. आणि ज्या गोष्टीकडे कोणी बघत नाही ती सांगते, खिडकीच्या खालच्या कडाप्प्याला किंवा ग्रॅनाइटला उतार बाहेरच्या बाजूला हवा आणि वरच्या छज्ज्याच्या खाली पुढच्या कडेला एक खाच हवी म्हणजे पाणी तिथेच ठिबकून पडतं, छज्ज्याच्या पोटावरून सरपटत भिंतीकडे येत नाही. याला पैसे जवळपास पडतच नाहीत, गवंड्याला वेळेवर सांगावं लागतं इतकंच. जांभ्याच्या चिऱ्याचं बांधकाम असेल, रो-हाऊसला अजून असतं, तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण चिरा सच्छिद्र, पाणी पितो आणि मग आतल्या प्लास्टरला पोपडे सुटतात.

ग्रील आणि रेलिंगमध्ये फसवणूक फार होते, म्हणजे मुद्दाम नाही म्हणणार मी, पण "स्टेनलेस स्टील" एवढाच शब्द यादीत असतो. स्टेनलेसच्या पुष्कळ जाती आहेत. २०२ नावाची स्वस्त जात, तिच्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, ती समुद्राजवळ लवकर तांबूस डाग धरते. ३०४ बरी. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाशी खरी तीच टिकते, पण ती महाग. लोक लोहचुंबक लावून बघतात, चिकटलं नाही म्हणजे अस्सल, पण २०२ लाही चुंबक जवळजवळ चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेवर जाऊ नका, बिलावर ग्रेड लिहून मागा. समुद्र अगदी समोर असेल तर बाल्कनीच्या रेलिंगला ३१६, किंवा मग सरळ गॅल्व्हनाइज करून रंगवलेलं लोखंड आणि दर दोन-तीन वर्षांनी रंगाचा हात. साधं एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे नेहमीचं लोखंड) नुसता रंग मारून देणार असतील तर वेल्डिंगच्या सांध्यांपासून गंजायला सुरुवात होणार हे धरून चाला.

बाथरूम. इथे टाइल्सच्या डिझाइनवर तासभर चर्चा होते आणि टाइल्सच्या खाली काय आहे यावर एक वाक्य पण नाही. वॉटरप्रूफिंग हे एक्स्ट्रा नाही, ते बिल्डरने द्यायचंच असतं, पण टेस्ट तुम्ही मागा. नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये पाणी भरायचं, भिंतीवर पातळीची खूण करायची, दोन दिवस तसंच ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं. टाइल्स बसायच्या आधी. आमच्या बिल्डिंगमध्ये एकानेच ही टेस्ट करून घेतली, त्याच्या खालच्यांचं छत आजही कोरडं आहे, बाकी आम्ही सगळे एकमेकांच्या घरी गळती दाखवायला जात असतो.

बाथरूममध्ये पैसे देऊन घ्यायच्या गोष्टी म्हणजे बेसिनला आणि किचनच्या सिंकला गरम पाण्याची लाइन (सीपीव्हीसीची, साधा यूपीव्हीसी पाइप गरम पाण्याला चालत नाही), वॉशिंग मशीनचा नळ, त्याचा पाणी जायचा मार्ग आणि पॉइंट असे तिन्ही एकाच जागी, एक्झॉस्टचं भोक, आणि फरशीला खरखरीत अँटी-स्किड टाइल्स. चौकट लाकडाऐवजी ग्रॅनाइटची मिळत असेल तर घ्या, लाकडाची खालून कुजते. भिंतीच्या आत बसणारा डायव्हर्टर (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा) घेणार असाल तर कंपनी आत्ताच पक्की करा कारण आतली बॉडी एका कंपनीची आणि बाहेरचं हँडल दुसऱ्या कंपनीचं असं बसत नाही. भारी शॉवर, भारी नळ हे मागाहून बदलता येतात, त्याला कसलीच घाई नाही.

किचनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बिल्डर त्या एकत्र विकतो. ओट्याची लांबी-उंची, सिंकची जागा, पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन, वॉटर फिल्टर-मिक्सर-ओव्हनचे पॉइंट, चिमणीचं भोक, हे आत्ता. उंची तर स्वयंपाक करणाऱ्या माणसाला तिथे उभं करून ठरवा, माझ्या आईच्या घरी ओटा दोन इंच जास्त उंच झालाय आणि ती पोळ्या लाटताना टाचा उचलते. पण ट्रॉल्या, कपाटं, चिमणी हे बिल्डरकडून घेऊ नका, किंवा घेतलंत तर बॉक्स कशाचा ते विचारा. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ असेल तर सिंकखालचं कपाट आधी फुगणार. आपल्या हवेला बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा) प्लाय लागतो, ज्यावर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असतो, लोक त्याला मरीन प्लाय म्हणतात. गावातला चांगला सुतार तो आणून तुमच्यासमोर कापतो, शिक्का तुम्हाला डोळ्यांनी दिसतो.

टाइल्सचा हिशोब मात्र नीट समजून घ्या. समजा बिल्डरच्या दरात चौरस फुटाला ४५ रुपयांची टाइल धरलेली आहे आणि तुम्हाला ८० वाली आवडली. तुम्ही फरक द्यायचा, ३५ रुपये. ६५० चौरस फुटांना २२,७५० आणि वर तुटफुटीचे आठ-दहा टक्के. पण यादीत ८० च्या हिशोबाने पूर्ण ५२,००० लावलेले असतात, म्हणजे आधीच्या ४५ रुपयांच्या टाइलचे पैसे तुम्ही फ्लॅटच्या किमतीतही भरले आणि ती टाइल मिळालीही नाही. म्हणून प्रत्येक ओळीला विचारायचं, "यात आधीच्या वस्तूची वजावट किती धरलीय?" खिडक्या, दारं, सिंक, सगळ्याला. नम्रपणे विचारा, पण उत्तर लेखी घ्या. मामेभावाच्या यादीत तीन ओळींना वजावट धरलेलीच नव्हती, विचारल्यावर त्यांनी सुधारून दिली.

पैसे कुठून द्यायचे हाही प्रश्न आहे. एक्स्ट्रा वर्क अ‍ॅग्रीमेंटच्या रकमेत घातलं तर होमलोनमध्ये बसतं, सोपं वाटतं. पण दोन लाखांचं काम साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला साधारण १,७३६ रुपये आणि शेवटपर्यंत मिळून चार लाख सोळा-सतरा हजार होतात. वायरिंग, खिडक्या, बाथरूम यांच्यासाठी ते पटतं, त्या वस्तू तितकी वर्षं राहतात. चिमणी सात-आठ वर्षांत जाते, तिचा हप्ता वीस वर्षं कशाला भरायचा. शिवाय अ‍ॅग्रीमेंटची रक्कम वाढली की चालू बांधकामावरचा जीएसटी (५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असेल तर १ टक्का) वाढलेल्या रकमेवर लागतो, आणि स्टॅम्प ड्युटीही वाढू शकते, कारण ती करारातली रक्कम आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला दर) यातल्या जास्त रकमेवर असते. उलट बाजूही सांगते, नंतर हातात रोकड नसेल आणि पर्सनल लोन काढावं लागणार असेल तर ते होमलोनपेक्षा महागच पडतं, मग फोडाफोडीची कामं होमलोनमध्येच घातलेली बरी.

बिल्डरकडून काम करून घेण्याचा एक फायदा लोक विसरतात. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला तर बिल्डरने तो तीस दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. तुम्ही ताबा घेतल्यावर स्वतःचा माणूस लावून बाथरूम फोडलंत आणि मग गळायला लागलं तर तो बोट तुमच्याकडेच दाखवणार. म्हणून पाण्याशी संबंधित जे काही बदलायचं ते त्याच्याच हातून, आणि कुठला ब्रँड, कुठला ग्रेड, किती पॉइंट हे करारात किंवा सही-शिक्क्याच्या पत्रावर.

आणि काही गोष्टींना एक्स्ट्रा पैसे मागितले तर देऊच नका. किनाऱ्यावर उघड्या असलेल्या काँक्रीटला आयएस ४५६ मध्ये (काँक्रीटच्या भारतीय मानकात) "सिव्हिअर", म्हणजे तीव्र, वर्गात धरलंय, म्हणजे किमान एम-३० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. कव्हर कमी पडलं की मीठ सळईपर्यंत पोचतं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे तुकडे पडतात, समुद्राजवळच्या जुन्या बिल्डिंगच्या बाल्कन्या खालून बघा, सळया दिसतात. ही घराची मुळातली गोष्ट आहे, चैन नाही. साइट इंजिनिअरला विचारा, जो सांगतो तो दाखवूनही देतो.

चाकरमानी मंडळींसाठी एक वेगळं. घर वर्षातले दहा महिने बंद राहणार असेल तर हिशोब बदलतो. बंद घरात पावसाळ्यात हवा कोंडते, कपाटांच्या आत, चपलांवर, देवाच्या फोटोमागे बुरशी. अशा घराला फॉल्स सीलिंग, वॉलपेपर, कापडी सोफा काहीच नको. त्यापेक्षा बाथरूम-किचनला आरपार हवा जाईल अशी जाळीची झरोके-खिडकी, सुटसुटीत फर्निचर, आणि मुख्य दाराला साधं पितळी लॅच. डिजिटल लॉकची बॅटरी आणि सर्किट खाऱ्या दमट हवेत किती दिवस चालेल याची खात्री नाही, आणि रात्री अकराला एसटीतून उतरून आलेल्या माणसाला दार उघडलंच पाहिजे.

मामेभावाने शेवटी टिक केलं ते एवढंच: एकोणीस जादा पॉइंट आणि इन्व्हर्टरची लाइन, पश्चिमेच्या दोन खिडक्या, गरम पाण्याच्या दोन लाइनी, बाथरूमच्या ग्रॅनाइट चौकटी आणि बाल्कनीच्या रेलिंगला ३०४, कारण त्याचं घर समुद्रापासून जरा आत आहे. चार लाखांचे एक लाख दहा हजार झाले. टाइल्स बिल्डरच्याच ठेवल्या, वहिनी थोडी हिरमुसली पण तिला किचन तिच्या मनासारखं सुताराकडून करून मिळणार आहे.

शनिवारी तो येतोय. सोमवारपासून प्लास्टर सुरू होणार, त्यामुळे रविवारी वायरमनला घेऊन प्रत्येक खोलीत फिरायचं, खडूने पॉइंट मारायचे आणि पाइप टाकलेल्या प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढायचा, जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती ते दिसेल असा, म्हणजे उद्या फोटोफ्रेमला खिळा ठोकताना पाण्याचा पाइप कुठून गेलाय ते मोबाइलमध्ये बघता येईल. टेप माझ्याकडे आहे, खडू त्याला आणायला सांगितलेत.